दिवसा डोळे मिटले की थांबू नका: शॅमेलिऑनचा गंभीर आजार कसा ओळखायचा आणि काय करायचं

शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, दिवसा झोपत नाही. भरदुपारी, पिंजऱ्यातला दिवा चालू असताना तो फांदीवर डोळे मिटून बसला असेल, तर तो आजारी आहे असं धरून चाला. ‘जरा सुस्तावलाय’, ‘काल जास्त खाल्लं असेल’ असली समजूत कुत्र्यामांजराच्या बाबतीत एखादा दिवस निभावून जाते, इथे नाही. जंगलात अशक्त दिसणारा सरडा आधी उचलला जातो. म्हणून हा प्राणी दुखणं अंगावर काढतो आणि अगदीच त्राण संपेपर्यंत फांदी सोडत नाही. आपल्याला जे ‘अचानक’ दिसतं, त्याच्या मागे बहुतेकदा काही आठवड्यांची घसरण असते.

अमेरिका, कॅनडा, युरोपातल्या मराठी घरांत मुलांच्या हट्टापायी येणारा शॅमेलिऑन बहुधा दोनपैकी एका जातीचा असतो: येमेन आणि सौदी अरेबियातला व्हेल्ड, नाहीतर मादागास्करचा पँथर. पुढचं सगळं मी या दोघांना धरून लिहिते आहे. भारतात राहणाऱ्यांसाठी एक वेगळा परिच्छेद शेवटाकडे आहे. तो त्यांनी आधी वाचावा.

रोजची दोन मिनिटं

आपला प्राणी धडधाकट असताना कसा दिसतो, हे नजरेत पक्कं बसलेलं असेल तरच बिघाड कळतो. डोळे भरीव, गोल आणि सतत फिरणारे हवेत, एक इकडे तर दुसरा तिकडे. पाण्याचा फवारा सुरू झाला की तो डोळा बाहेर फुगवतो, गोल गोल फिरवतो, पापणी फांदीला घासतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण ही त्याची डोळे धुवायची रीत आहे आणि ती काही मिनिटांत आटपते. फवारा नसताना दिवसभर एकच डोळा मिटलेला किंवा सुजलेला असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

मग पकड. त्याच्या पायाची बोटं दोन जुड्यांत वाटलेली असतात आणि ती चिमट्यासारखी आवळतात. निरोगी व्हेल्डला बोटावरून उतरवताना एकेक पाय सोडवावा लागतो. पकड सैल झाली, फांदी चुकायला लागली, शेपटीने धरून तोल सावरायची वेळ येऊ लागली, की लिहून ठेवा.

विष्ठा पाहायची सवय लावून घ्या. तिचे दोन भाग असतात: तपकिरी, बांधीव विष्ठा आणि तिच्याबरोबर पांढरा, खडूसारखा युरेट, म्हणजे घट्ट स्वरूपातली लघवी. युरेटच्या टोकाला थोडी केशरी छटा चालते. सगळा युरेट केशरी किंवा गडद पिवळा असेल तर त्याच्या अंगात पाणी कमी आहे.

आठवड्यातून एकदा वजन करा. ग्रॅम दाखवणारा किचनचा छोटा काटा पुरतो. त्यावर फांदीचा तुकडा ठेवून शून्य करा आणि प्राण्याला त्यावर चढू द्या. आकडा वहीत लिहा, मोबाईलमध्ये नको, कारण तिथे तो सापडत नाही. महिन्याभरात वजन १० टक्क्यांनी उतरलं तर बाकी काहीही दिसत नसलं तरी डॉक्टरांना दाखवा. अंडी घातल्यावर मादीचं वजन एकदम उतरतं, ते सोडून.

रंगाबद्दल लोक फार विचारतात. आजार ओळखायला रंग हा त्यातल्या त्यात कच्चा पुरावा आहे. थंडी वाजली, चिडला, आरशात स्वतःला पाहिलं, कात टाकायची वेळ आली, तरी रंग बदलतो. दिवे पूर्ण वेळ चालू असूनही दिवसचे दिवस काळपट राहत असेल, किंवा जागेपणी झोपेतल्यासारखा फिकट दिसत असेल, तर बाकीच्या लक्षणांच्या जोडीने त्याचा विचार करा.

आज रात्रीच, की उद्या सकाळी?

काही गोष्टींत सकाळची वाट पाहायची नसते. प्राणी पिंजऱ्याच्या तळाशी डोळे मिटून, अंग टाकून पडलाय. अंगाला झटके येताहेत किंवा पाय थरथरताहेत. शेपटीच्या मुळाशी गुलाबी-लाल मांस बाहेर आलंय आणि आत जात नाही. तोंड उघडं ठेवून, मान वर करून श्वास घेतोय आणि टिकटिक आवाज येतोय. उंचावरून पडून पाय वाकडा झालाय. दिव्याने भाजलंय. मादी अंडी घालायची धडपड करून थकून पडलीये. यातलं काहीही असेल तर रात्री उघड्या असणाऱ्या, सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या तातडीच्या दवाखान्याला फोन लावा.

एक-दोन दिवसांत दाखवायलाच हवं असं: डोळे खोल गेलेले, जबडा किंवा सांधा सुजलेला, गळ्याखाली पाणी भरल्यासारखी सूज, तोंडाच्या कडेला पिवळा चिकट पदार्थ, सलग केशरी युरेट, जीभ मारतो पण किडा हाती लागत नाही.

न खाण्याचं एकट्याचं तितकंसं भय नाही. पूर्ण वाढलेला नर चार-पाच दिवस तोंड फिरवून बसला, पण डोळे टवटवीत आहेत, पाणी पितोय, फिरतोय, तर किडा बदलून बघा. रोज रातकिडे खाऊन तोही कंटाळतो. काही महिन्यांच्या पिल्लाने दोन दिवस खाल्लं नाही तर मात्र लगेच हालचाल करा.

लक्षणामागे काय असतं

डोळे मिटण्यामागे बऱ्याचदा पाण्याची कमतरता असते, आणि तीच दीर्घकाळ चालली की मूत्रपिंडं बिघडतात. मूत्रपिंड निकामी होणं आणि त्यातून सांध्यांत युरिक आम्ल साठणं, म्हणजे गाउट, ही पाळीव शॅमेलिऑन दगावण्याची नेहमीची कारणं आहेत. हा प्राणी वाटीतलं साचलेलं पाणी सहसा ओळखत नाही. पानांवरचे थेंब चाटतो. त्यामुळे ‘वाटी भरलेली असते’ या उत्तराला डॉक्टरांकडे काही किंमत नाही. डोळ्यांच्या तक्रारीची बाकी कारणं म्हणजे अ जीवनसत्त्वाचा अभाव, डोळ्यात अडकलेला कातेचा तुकडा, जंतुसंसर्ग, आणि चुकीचा यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा फार जवळ लावणं. घरी बसून यातलं नेमकं कारण ओळखता येत नाही. माणसांचे डोळ्यांचे थेंब घालू नका. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं, आणि बुबुळावर जखम असेल तर त्याने नुकसान वाढतं.

हाडांचा आजार सगळ्यांत जास्त दिसतो आणि सगळ्यांत जास्त टाळताही येतो. अन्नातलं कॅल्शियम कमी पडलं किंवा यूव्हीबी नसल्याने ते अंगी लागलं नाही, की शरीर ते हाडांतून ओढून घेतं. जबडा रबरासारखा मऊ होतो, कोपर-गुडघे बाहेर वाकतात, पाय धनुकलीसारखे दिसतात, चालताना अंग हलतं, जीभ पूर्ण बाहेर जात नाही. नंतर रक्तातलंच कॅल्शियम घसरतं आणि झटके येतात. वाकलेलं हाड बहुधा पुन्हा सरळ होत नाही, पण आजार थांबवता येतो आणि वाकड्या पायांचा शॅमेलिऑन वर्षानुवर्षं बरा जगतो. इथे एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत: यूव्हीबीची ट्यूब उजेड देत राहते, पण तिचे अतिनील किरण कमी होत जातात, म्हणून ती साधारण सहा ते बारा महिन्यांनी बदलावी लागते. आणि खिडकीच्या काचेतून येणारं ऊन या बाबतीत निरुपयोगी, कारण काच यूव्हीबी अडवते.

श्वसनाचा संसर्ग ओळखताना एक गोंधळ होतो. दिव्याखाली ऊब घेताना फार गरम झालं तर शॅमेलिऑन तोंड उघडं ठेवतो. दिव्यापासून दूर सरकला की बंद करतो. ते उष्णतेचं लक्षण. दिव्यापासून लांब, गार जागी बसूनही तोंड उघडं, नाक वर, श्वास घेताना पोट आत-बाहेर ओढलं जातंय, नाकाशी किंवा तोंडात बुडबुडे दिसताहेत, तर तो संसर्ग समजा. जोरात खोकून कफ बाहेर टाकायची सोय सरड्यांकडे नाही, त्यामुळे आत जमलेला चिकटा सहज निघत नाही.

तोंडाच्या किंवा जबड्याच्या गाठीबद्दल एवढंच: सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसतो, पनीरासारखा घट्ट असतो. तो दाबून बाहेर येत नाही. भूल देऊन, कापून, खरवडून काढावा लागतो. घरी सुई टोचण्याचे प्रयोग करू नका.

मादी असेल तर हे नीट वाचा

व्हेल्ड मादीला अंडी घालायला नराची गरज नसते. चार-सहा महिन्यांची झाली की कोंबडीसारखी ती फलित न झालेली अंडी घालू शकते, एका वेळी २० ते ७०, कधी त्याहूनही जास्त. पुष्कळ लोकांना हे ठाऊक नसतं आणि पिंजऱ्यात माती नसते. अंडी घालायला जागा मिळाली नाही की मादी ती आतच अडवून धरते.

वेळ जवळ आली की ती अस्वस्थ होते, एरवी न उतरणारी तळाशी फिरते, कोपरे उकरते, खाणं कमी करते, पाणी जास्त पिते. इथवर सगळं नैसर्गिक आहे. किमान १२ इंच खोल भांड्यात ओलसर वाळू भरून ठेवा. वाळूत बोटाने बोगदा केला तर तो ढासळला नाही पाहिजे, आणि मुठीत दाबल्यावर पाणी गळलं नाही पाहिजे. पिंजऱ्याला चादर लावा. ती उकरताना कोणी बघतंय हे तिला कळलं तर केलेला बोगदा सोडून देते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. आमच्याकडे अशा वेळी त्या खोलीत जायलाच सगळ्यांना बंदी असते. चादरीला एक बारीक भोक आहे, तेवढ्यातून काय ते पाहायचं.

उकरणं, घालणं, बुजवणं एक-दोन दिवसांत उरकतं. दोन दिवस उकरूनही अंडी नाहीत, किंवा उकरणं थांबवून ती तळाशी डोळे मिटून पडली, तर ती अडली आहे. एक्स-रे, कॅल्शियम, सलाईन, अंडी बाहेर यायला मदत करणारं ऑक्सिटोसिन आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया, हे सगळं डॉक्टरांचं काम. पोट चोळू नका, दाबू नका. आतलं अंडं फुटलं तर पोटात संसर्ग पसरतो.

पुढच्या खेपेला अंड्यांची संख्या कमी ठेवता येते. मोठ्या झालेल्या मादीला रोज पोटभर खायला घालू नका आणि ऊब घेण्याच्या जागेचं तापमान ८० अंश फॅरेनहाइटच्या (२७ सेल्सियस) आसपास ठेवा. भरपूर किडे आणि भरपूर ऊब यांतून अंडी जास्त होतात. भारतीय आयांना ‘उपाशी ठेवायचं?’ म्हणून जीव तुटतो, पण तिच्या आयुष्याची वर्षं यावर ठरतात.

डॉक्टरकडे जाईपर्यंत

पहिलं काम फोनचं. कोपऱ्यावरचा कुत्र्यामांजरांचा डॉक्टर बहुतेकदा शॅमेलिऑन घेत नाही. सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या डॉक्टरांची ‘एआरएव्ही’ ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे; तिच्या संकेतस्थळावर गावानुसार डॉक्टर शोधता येतात. खरं म्हणजे हा शोध प्राणी घरी आणायच्या आठवड्यातच घ्यायचा असतो. फोनवर विचारा: वर्षाला किती शॅमेलिऑन पाहता? एक्स-रे आणि रक्ततपासणी तिथेच होते का? साधारण खर्च किती? अमेरिकेत बिलाचा आकडा आधी विचारण्यात संकोच करू नका, तिथे तो सगळेच विचारतात.

मधल्या वेळात ऊब द्या, पण भट्टी करू नका. दिवसा पिंजऱ्यात एका टोकाला नेहमीची ऊबेची जागा असू द्या, व्हेल्ड नराला ८५ ते ९० अंश फॅरेनहाइट (२९ ते ३२ सेल्सियस), पँथरला ८५ च्या वर नको, आणि दुसरं टोक गार. अशक्त प्राणी दिव्यापासून दूर हलू शकत नसेल तर तिथेच भाजतो, म्हणून दिव्याचं अंतर वाढवा. गरम दगड आणि पोटाखालचे हीटिंग पॅड वापरू नका. फांद्या खाली आणा आणि तळाशी टॉवेल अंथरा, म्हणजे पडला तरी लागणार नाही. रात्री दिवे नेहमीप्रमाणे बंद. श्वासाचा त्रास असेल तर रात्री खोली फार गार पडू देऊ नका आणि फवारा थांबवा.

पाण्यासाठी ड्रिपरने पानांवर सावकाश थेंब पडू द्या, किंवा कोमट पाण्याचा बारीक फवारा त्याच्यावर नव्हे तर आजूबाजूच्या पानांवर मारा. टबात बुडवून ‘अंघोळ’ घालण्याचा सल्ला ऐकू नका. हा झाडावरचा प्राणी आहे. त्याला त्याचा ताण येतो आणि अशक्त असेल तर नाकातोंडात पाणी जाऊ शकतं. सिरिंजने तोंडात पाणी ढकलणंही धोक्याचं, कारण श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच आहे.

जबरदस्तीने भरवू नका. पाणी कमी झालेल्या, गार पडलेल्या शरीरात अन्न पचत नाही. पिंजऱ्यातले मोकळे रातकिडे काढून टाका. आजारी शॅमेलिऑनला ते रात्री चावतात.

मागून मांस बाहेर आलं असेल तर ते सुकू देऊ नका. साखरेच्या दाट पाण्यात भिजवलेला स्वच्छ मऊ कागदी टॉवेल त्यावर ठेवा, त्याने सूज थोडी उतरते. तळाशी ओले टॉवेल घातलेल्या डब्यात ठेवून निघा. आत ढकलायचा प्रयत्न डॉक्टरच करतील.

घरात उरलेलं कुठलंही अँटिबायोटिक देऊ नका, कुत्र्याचं तर नाहीच. मात्रा ग्रॅमवर ठरते आणि काही औषधं मूत्रपिंडं आधीच बिघडलेली असताना जीवघेणी ठरतात. हळद लावू का, असं मला एकदा विचारलं गेलंय. नको.

नेताना

हवेशीर डबा, आत घट्ट बसवलेली एक फांदी, खाली टॉवेल, वरून कापड. अंधार असला की तो शांत राहतो. गाडीत ७५ ते ८० फॅरेनहाइटच्या (२४ ते २७ सेल्सियस) आसपास ऊब ठेवा. हिवाळ्यात गाडी आधी तापवून मग डबा आत. ताजी विष्ठा झिपच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि २४ तासांच्या आत पोहोचवा. फ्रीझरमध्ये नको. परजीवींची तपासणी त्यावर होते.

फोनमध्ये हे फोटो असू द्या: पूर्ण पिंजरा, दिव्यांची नावं आणि वॉट, ट्यूब कधी घेतली त्याची पावती, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांच्या डब्यांची लेबलं, थर्मामीटर. शिवाय वजनाची वही. श्वासाचा आवाज किंवा झटका आला असेल तर त्याचा व्हिडिओ, कारण दवाखान्यात तो नेमका गप्प बसतो. अनुभवी डॉक्टर निम्मं निदान पिंजऱ्याच्या फोटोवरून करतात. शॅमेलिऑनचे बहुसंख्य आजार दिवा, पाणी, ऊब आणि कॅल्शियम-जीवनसत्त्वांची पावडर या चार गोष्टींतून सुरू होतात.

घरी परतल्यावर

औषध पाजताना तोंड जबरदस्तीने उघडू नका, नाजूक जबडा मोडतो. खालच्या गळ्याची कातडी अलगद ओढली किंवा नाकासमोर बोट धरलं की बरेच शॅमेलिऑन चिडून स्वतःच तोंड उघडतात. थेंब गालाच्या कडेला सोडा, घशात नाही, आणि त्याने गिळलं की पुढचा थेंब. हे दवाखान्यात नर्सकडून एकदा करून दाखवायला सांगा. अँटिबायोटिकचा कोर्स मधेच सोडू नका. सरड्यांचं शरीर हळू चालतं, बरं दिसायला आठवडे लागतात.

पिंजरा सुधारा, पण सगळं एका दिवसात बदलू नका. नवा पिंजरा, नवी झाडं, नवी जागा हा आजारी प्राण्यावर नवा ताण. आधी यूव्हीबी ट्यूब, मग पाणी, मग पावडरचं वेळापत्रक. डी-३ जीवनसत्त्व नसलेलं साधं कॅल्शियम दर जेवणाला चिमूटभर, डी-३ आणि अ जीवनसत्त्व असलेलं मिश्रण महिन्यातून दोनदा, असा प्रघात आहे. आजारपणात डॉक्टर सांगतील ते खरं. ही जीवनसत्त्वं जास्त झाली तरी विषारी ठरतात आणि गळ्याखाली सूज येते.

हात धुवा. सरपटणारे प्राणी साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू वाहून नेतात आणि आजारपणात विष्ठा, लाळ, औषधं यांत आपले हात जास्त जातात. पिंजऱ्यातली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नकोत. घरात तान्हं बाळ असेल, किंवा भारतातून आजी-आजोबा राहायला आलेले असतील, तर हे कटाक्षाने पाळा.

भारतात असाल तर

आपल्याकडे झाडाझुडपांत सापडणारा भारतीय शॅमेलिऑन वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. तो पाळणं, विकणं, घरी आणून ‘बरा करून सोडतो’ म्हणणं, सगळंच बेकायदा. रस्त्यावर जखमी सापडला तर खोक्यात सावलीत ठेवा आणि वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. व्हेल्ड आणि पँथर परदेशी असले तरी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या यादीत आहेत आणि कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. नोंद नाही म्हणून डॉक्टरकडे न्यायला कचरणारे लोक असतात आणि त्यात प्राणी मरतो. मुंबई-पुण्यात सरपटणारे प्राणी पाहणारे पशुवैद्य आहेत. आधी फोन करून खात्री करा.

सुधारला नाही तर

मूत्रपिंडं गेलेली असतील, हाडं ठिकठिकाणी मोडलेली असतील, आठवडे उलटूनही तो डोळे उघडत नसेल, तर डॉक्टर शांतपणे मरण देण्याबद्दल बोलतील. ते इंजेक्शन भूल देऊन मग दिलं जातं. फ्रीझरमध्ये ठेवला तर ‘झोपेत जातो’ हे खरं नाही, त्या वाटेला जाऊ नका.

घरी दुसरा शॅमेलिऑन असेल तर गेलेल्याचं शवविच्छेदन करून घ्या. त्यासाठी देह कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. गोठवला तर पेशींची तपासणी नीट होत नाही. अहवालात कॉक्सिडिया किंवा क्रिप्टोस्पोरिडियम निघाला, तर नुसत्या ब्लीचवर विसंबू नका, ते परजीवी त्याला दाद देत नाहीत. फांद्या, वेली, वाळू, कुंड्यांतली झाडं टाकून द्या, जाळीचा सांगाडा वाफेने धुवा, आणि दुसऱ्या प्राण्याची विष्ठा तपासून येईपर्यंत दोघांची भांडी, चिमटे आणि ड्रिपर वेगळे ठेवा.